बैलबाजाराचा माळ आणि पडद्यावरचा डाग

"सगळ्यांना साखर झाली म्हणून चहानं काय सुतक पाळायचं?" प्रमिलाताई ढवळे कपात बघत पुटपुटल्या. "आणि बिस्किटं ही असली. भुसा बरा."

प्रमिलाताई सभागृहात माझ्या उजव्या हाताला बसतात, त्यामुळे माझा उजवा कान कायम त्यांच्याकडे गहाण असतो. करंजपूर महानगरपालिकेत चहा बिनसाखरेचा येतो, कारण साखरेचा चालणारं आता कुणी उरलेलं नाही. मी पंचावन्न ओलांडली, जिना चढताना गुडघे वाजतात, तरी महापौर माझी ओळख 'आपल्या तरुण नगरसेविका हेमलताताई वाकचौरे' अशी करून देतात. त्यात कौतुक काही नाही. माझ्याहून लहान खरंच कुणी नाही.

त्या दिवशी विषय होता बैलबाजाराच्या माळाचा. बैल गेले, बाजार गेला, माळ राहिला. जुन्या विकास आराखड्यात त्या माळावर ज्येष्ठ नागरिकांच्या सेवा केंद्राचं आरक्षण आहे. सकाळी गाडी यायची, घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायची, तिथं त्यांना चालवायचं, हातपाय हलवून घ्यायचे, गरम जेवण द्यायचं, संध्याकाळी घरी आणून सोडायचं, अशी योजना. कागदावर कधीची आहे. आता ते आरक्षण उठवून तिथं तंत्रज्ञान संशोधन पार्क करायचा असा प्रस्ताव आला होता. एवढी सलग जागा शहरात दुसरी नाही. एक होईल, नाहीतर दुसरं.

मला केंद्र हवं होतं. आमच्या ह्यांना कंपवात आहे. आता पलंगावरून खुर्चीत बसवायलाही उचलावं लागतं, आणि माझी पाठ माझं ऐकेनाशी झालीय. सभेला येताना ह्यांना शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवून येते, आणि काकूंचं वय विचारू नका. एवढं असूनही या विषयावर मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

सभागृह नेते भाऊसाहेब निकम बोलायला उठले. भाऊसाहेब पॉलिटेक्निकचे निवृत्त प्राचार्य. सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे ते उठले की विरोधी बाकांवरचेही मोबाईल खाली ठेवतात.

"माननीय महापौर," ते म्हणाले, "आपण मुलांना शिकवलं. चांगलं शिकवलं. आणि इथं त्यांना करण्याजोगं काही ठेवलं नाही. मग ती जाणार नाहीत तर काय? आपण त्यांना काम देऊ. ती परत येतील."

बाकं वाजली. मीही वाजवलं. हात आपोआपच जातो.

"पार्कात म्हणे माणसाला उचलायची यंत्रं तयार करणार आहेत," प्रमिलाताई कानाशी म्हणाल्या. "बरंय. पण तोवर आपल्याला चौघंजण उचलून नेतील की."

तेवढ्यात समोरच्या मोठ्या पडद्यावर डाग आला.

*

डाग हे आम्ही ठेवलेलं नाव. यंत्राचं खरं नाव 'सभासहायक'. सभा लांबतात, इतिवृत्त महिनोन्‌महिने तयार होत नाही, म्हणून राज्यातल्या काही पालिकांत ते प्रयोगाला बसवलं होतं. आमच्याकडे त्याच्यासोबत निलोफर शिकलगार ही इंजिनियर आली होती. यंत्र बोलणं ऐकून इतिवृत्त लिहायचं, ते ठीकच. पण पडद्यावर चर्चेचा नकाशाही काढायचं, आणि सगळी भानगड तिथं होती.

निलोफरनं मला ते दोन-तीनदा समजावलं. मी शिवणकाम करता करता जे काय शिकले ते शिकले, त्यामुळे न लाजता पुन्हा विचारायची मला सवय आहे. माणसं बोलताना एका शब्दावरून कुठल्या शब्दाकडे जातात, हे यंत्रं कित्येक वर्षं ऐकून ऐकून शिकलीत. 'दवाखाना' म्हटलं की जवळपास औषध येणार, बिल येणार, घरून नेलेला डबा येणार. अर्थानं जवळचे शब्द नकाशावरही जवळजवळ मांडलेले असतात, आणि आपलं बोलणं म्हणजे त्या नकाशावर फिरत जाणारी एक रेघ. जागेच्या आरक्षणावर हजार गावांत चर्चा झाल्या, तेव्हा रेघ साधारण कुठून कुठून जाते हे यंत्राला ठाऊक आहे. एखादा माणूस एखाद्या ठिकाणी गेला नाही, तर विसरला असेल. पण अख्खं सभागृह एकाच जागेपाशी येऊन दर वेळी वळत असेल, तर ती जागा नकाशावर कोरी राहते. यंत्र तिथं करडा रंग भरतं.

"मावशी, गल्लीत चिखल आहे असं समजा," निलोफर म्हणाली. "सकाळपासून माणसं गेली. ठसे बघितले तर कळतं, मधल्या एका जागेवर कुणीच पाय दिलेला नाही, सगळे वळसा घालून गेलेत. तिथं कुत्रं झोपलं होतं. आता ते उठून गेलंय, तरी केवढं होतं ते ठशांवरून सांगता येतं."

"पण कुत्रंच होतं कशावरून?" प्रमिलाताईंनी विचारलं. "म्हैस असेल."

"तेच त्याला सांगता येत नाही. आकार कळतो. काय होतं ते कळत नाही."

"म्हैस असती तर गल्लीच बंद झाली असती," प्रमिलाताईंनी स्वतःचं स्वतःच खोडून काढलं.

डागाच्या कडेला यंत्र जवळचे शब्द दाखवायचं. जिथपर्यंत येऊन बोलणं वळलं, ते शब्द. बैलबाजाराच्या विषयाला शब्द आले होते: दिवाळी, विमान, खोली, चावी, नातू, बघू.

सगळ्यांनी ते वाचले. वाचून सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले.

पहिला धीर विरोधी पक्षाच्या एका बुजुर्गांना झाला. दिवाळी म्हणजे सफाई कामगारांचा अडकलेला बोनस, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. झालं! त्या बोनसवर तासभर चर्चा. मग कुणाला तरी 'खोली'वरून आठवलं, की एका माजी उपमहापौरांनी गच्चीवर विनापरवाना खोली चढवली आहे. त्यावर माजी उपमहापौर संतापून म्हणाले, खोलीचं काढता तर नाट्यगृहाची चावी कुणाच्या मेव्हण्याकडे असते तेही काढा. मेव्हणा निघाला. विमानतळाच्या रस्त्याचं डांबर निघालं. एकमेकांच्या डोळ्यांत बघून इतक्या वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं, ते सगळं त्या दुपारी बोलून झालं. पालिकेच्या इतिहासात एवढा प्रामाणिकपणा एका सभेत कधी झाला नसेल.

डाग होता तेवढाच राहिला.

सगळे दमून बसल्यावर निलोफर मागून म्हणाली, "सर, एक विचारू? प्रस्तावाला माती परीक्षण जोडलंय, पाण्याचा अहवाल आहे, रहदारीचा आहे. ज्यांच्यासाठी पार्क करताय, त्या मुलांना विचारलेलं कुठं दिसत नाही."

"त्यांना कशाला त्रास?" भाऊसाहेब लगेच म्हणाले. "कामात असतात ती."

"खरंय," महापौर म्हणाल्या.

"कामात असतात," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मीही मान हलवली. यंत्राचा खर्च कोण देतंय यावर कुणीतरी हरकत घेतली, आणि सभा तहकूब झाली.

*

माझी मैथिली ऑकलंडला असते. आमची सभा दुपारी असते तेव्हा तिकडे संध्याकाळ. ती कणीक मळता मळता सभेचं थेट प्रक्षेपण बघते. जगात आमची सभा पूर्ण बघणारी ती बहुधा एकटीच. मधेच मेसेज येतो, 'आई, पदर बघ, कॅमेऱ्यात येतोय.' कधी, 'ढवळे मावशी झोपल्या.'

रविवारी तिचा फोन आला. पालिकेनं प्रत्येक नगरसेवकाला टॅबलेट दिलाय, त्यावरच आम्ही बोलतो, कारण माझ्या फोनवर तिचा चेहरा सुपारीएवढा दिसतो. ह्यांना नुकतंच खुर्चीत बसवलं होतं. पाठीत कळ बसली होती, ती तिला दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ताठ उभी होते.

"पार्कचं काय झालं गं?"

"तहकूब."

"परत? मी शेवट बघितला नाही, पाहुणे आले होते. झाला तर छान होईल ना? मी इकडं जे करते, तसलंच काम निघेल तिकडं."

"हो ना. भाऊसाहेबही तेच म्हणत होते. त्यांच्या अनिरुद्धचं काम पण तसलंच."

"अन्या दादा येणार म्हणतोय?"

"येईलच की. पार्क झाल्यावर." मी कढईतलं उगाच हलवलं. "मी म्हणत होते, वरची खोली रंगवून घ्यावी. उन्हाळ्याच्या आत."

"घे ना. मस्त."

"रंग कुठला देऊ?"

"अगं, तुला आवडेल तो."

"राहायचंय तुला. तू सांग."

"बघू," मैथिली म्हणाली.

टॅबलेटच्या कोपऱ्यात करडा ठिपका उमटला. मी बघतेय तोवर चांगला बशीएवढा झाला. सभेनंतर टॅबलेटवरचं ते सभासहायक यंत्र बंद करायचं असतं, मी केलं नव्हतं. आणि जे मला दिसतं ते तिलाही दिसतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, कारण तिचा कणीक मळणारा हात थांबला.

"आई, स्क्रीनवर काहीतरी करडं आलंय."

ती आमच्या सगळ्या सभा बघते. ते काय आहे हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"नेटवर्क असेल," मी म्हटलं.

"हो. नेटवर्कच असेल." मग ती घाईघाईनं म्हणाली, "कढीपत्ता दाखवू का तुला? लागला अखेर. दोनदा जळला, पण आता बघ." आणि ती मला घेऊन मागच्या अंगणात गेली. खरंच लागला होता. कमरेएवढा, तकतकीत. शेजारच्या बाई पाच पानं मागून नेतात म्हणाली. अंगणाला नवीन कुंपण घातलेलं दिसलं. कुंपणाबद्दल मी काही विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर मी टॅबलेट पालथा घातला.

"रंग... नको," हे खुर्चीतून म्हणाले. ह्यांचं बोलणं आता सावकाश येतं, शब्द बाहेर पडेपर्यंत वाट बघावी लागते. त्यामुळे हे फालतू बोलत नाहीत.

"का नको?"

"वास येतो."

मी हसले. हेही हसले असावेत, चेहऱ्यावर आता तितकं कळत नाही. मी भांडी घासायला घेतली तेव्हा मागून आलं, "मजेत आहे... ती."

"आहेच," मी म्हटलं, आणि नळ मोठा सोडला.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र गेले. मी मैथिलीला मेसेज करायचे ते खोडून पुन्हा लिहायचे. तीही तसंच करत असणार, कारण तीन ठिपके नाचायचे, थांबायचे, पुन्हा नाचायचे, आणि शेवटी यायचं, 'जेवलीस का?' यंत्र आमच्या घरातून केव्हाच बंद झालं होतं. तरी डाग कुठं कुठं येईल, हे आता मला आधीच कळायला लागलं होतं. वाण्याकडं, जिन्यात, भिशीत. कुणाचंही बोलणं मुलांकडे वळलं की मी मनात म्हणायचे, आता वळणार. आणि ते वळायचं. भिशीतली एक जण नव्या फ्लॅटच्या तीन बेडरूम सांगत होती. कुठल्या कुणासाठी म्हणून मी विचारलं नाही, तरी ती माझ्याशी तेव्हापासून तुटक वागते. मी नुसतं बघितलं असेल.

*

मतदानाच्या सभेच्या दिवशी भाऊसाहेब जिन्यात भेटले. दोन पायऱ्या चढायचे, कठड्याला धरून दम घ्यायचे. महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात पडले होते. एकटेच असतात. दूधवाला आला तेव्हा कळलं.

"हेमलताबाई, आज तुमचं मत कुठं?" त्यांनी सरळ विचारलं. "मोजून झालंय माझं. काठावर आहे. तुम्ही हात वर केलात तर पार्क, नाहीतर गेला."

"भाऊसाहेब, केंद्राची गरज..."

"आहे ना, कोण नाही म्हणतं? केंद्र कुठंही होईल. एखादी शाळा बंद पडलीय ती घेऊ."

"त्या शाळा दुसऱ्या मजल्यावर आहेत. चढवणार कोण?"

"तुम्हाला फक्त आजचं दिसतं." ते चिडले नव्हते, थकले होते. "अनिरुद्धची मोटरसायकल मी दर रविवारी चालू करून ठेवतो. बॅटरी बसते नाहीतर. माणसानं तयारीत राहावं. पोरगं आलं आणि इथं काही नसलं, तर तोंड काय दाखवायचं?"

त्यांच्या शर्टाची गुंडी एक घर चुकली होती. सांगणारं कुणी नसलं की असं होतं.

"भाऊसाहेब, गुंडी."

"अं? हां." त्यांनी तिथंच उभ्यानं सगळ्या गुंड्या सोडून पुन्हा लावल्या. मी भिंतीवरचा दालनांचा फलक वाचत उभी राहिले.

सभागृहात सगळे वेळेवर आले होते, म्हणजे काय समजायचं ते समजा. थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. तिकडे कणीक भिजली असेल, माझ्या मनात आलं. एरवी मला त्या दिव्याचा आधार वाटायचा. आज वाटलं, वीज जावी.

पडदा झाकावा अशी सूचना दोन्ही बाजूंनी आली होती. एकमतानं. पण आयुक्त म्हणाले, प्रयोगाच्या अटीत ते बसत नाही. त्यामुळे डाग समोर होताच, आणि आता बोलायला काही उरलं नसल्यामुळे तो पडद्याच्या निम्म्याहून जास्त पसरला होता. आमच्याकडे विषय मंजूर करायची एक रीत आहे. महापौर विचारतात, आणि बाकांवरून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. त्या गजरात कोण ओरडलं आणि कोण नाही, हे देवालाही कळत नाही. बऱ्याच गोष्टी या शहरात अशाच झाल्या आहेत.

"विषय मंजूर करायचा का?" महापौरांनी विचारलं.

"मंजूर," दोन-चार आवाज आले. मोठे नव्हते.

"हरकत आहे," मी म्हटलं. उभी राहिले तेव्हा गुडघा वाजला, तो माइकमधून सगळीकडे ऐकू गेला.

"बोला."

"मला मत मोजून हवंय. आणि त्याआधी एवढंच सांगायचंय, की केंद्राचं आरक्षण उठवू नका. मला ते हवंय. माझ्या घरी लागतं."

"प्रत्येकाच्या घरी काहीतरी लागतं, ताई," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो, म्हणूनच म्हणतेय."

भाऊसाहेब उठले. जिन्यातला आवाज गेला होता, वर्गातला आला होता. "हेमलताबाई, तुमच्या घरचं दुःख आम्हाला माहीत आहे. पण शहर दुखण्यावर चालत नाही, उद्यावर चालतं. तुमची मैथिली माझी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची. उद्या ती या शहरात आली, तर तिला काय दाखवाल? रांगेत मांडलेल्या चाकांच्या खुर्च्या? ती काम कुठं करणार? सांगा ना. ती आल्यावर काम कुठं करणार?"

सभागृह माझ्याकडे बघत होतं. प्रमिलाताईंचं पुटपुटणं बंद झालं होतं. माझ्या उजव्या कानाला एवढ्या शांततेची सवय नाही. त्यांनी खालच्या खाली माझा पदर धरला होता, बसवायला की उभी ठेवायला ते कळेना.

मी त्या लाल दिव्याकडे बघितलं. तिनं हात पुसले असतील, असं वाटलं. आता सगळं सोडून बघत असेल. मी जे बोलणार होते ते तिला आधी एकटीला सांगायला हवं होतं, रविवारी, त्या कढीपत्त्यापाशी. पण तिथं दोघींनीही वळसा घातला होता. आता ती ऐकेल, आणि तिला वाटेल की आईनं दार लावलं. किंवा कदाचित तिला तसं वाटणार नाही. कदाचित तिला तिकडं निवांत झोप लागेल. मला काही सांगता येत नव्हतं.

"वाकचौरेताई, उत्तर द्यायचंय का?" महापौरांनी विचारलं. त्यांचाही एक मुलगा आणि एक सून दूर आहेत. त्यांनी प्रश्न विचारला आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला.

"देते," मी म्हटलं. माइक जवळ ओढला. भाऊसाहेब अजून उभेच होते, एक हात बाकावर, नीट लावलेल्या गुंड्या. त्यांच्याकडे बघूनच बोलले, कारण दिव्याकडे बघून बोलवलं नसतं.

"ती येणार नाही, भाऊसाहेब. तिथं तिचं बरं चाललंय, आणि चालू दे. तुमचा अनिरुद्धही येणार नाही. ह्यांतलं कुणीच येणार नाही. आपण म्हातारे झालोय, आणि आता एकमेकांना आपणच आहोत."